चर्च सोडलं, पण "मग आता कोण?" याला माझ्याकडे उत्तर नाही

रानजाई

नाताळ आटोपल्यावर मी आमच्या पाळकसाहेबांना चिठ्ठी दिली, सभासद यादीतून माझं नाव कमी करा म्हणून. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि विचारलं, "कुठं जाऊन राहिली, बेटा?" कुठंच नाही म्हटलं तर त्यांना पटेना. त्यानंतर भावानं, सासरच्यांनी, सरपंचांच्या माणसानं, सेतू केंद्रातल्या पोरानं, सगळ्यांनी हेच विचारलं. माझ्या श्रद्धेचं काय झालं याच्याशी कोणाला घेणंदेणं नाही. मग आता तुम्ही कोण, तेवढं सांगा.

यवतमाळ जिल्हा, कापूस-तुरीचं गाव. ख्रिस्ती झालेली आमची चौथी पिढी. पणजोबा महारवाड्यातले. फ्री मेथडिस्ट मिशनच्या शाळेत अक्षर गिरवलं आणि पुढं बाप्तिस्मा घेतला. आजोबा मिशनच्या बोर्डिंगात वाढले. माझा जन्म उमरीच्या मिशन दवाखान्यातला. मिशननं आम्हाला काय दिलं ते मी विसरलेली नाही, आणि "तांदळासाठी बाटले" म्हणणाऱ्यांनी पणजोबांना गावातल्या विहिरीवर पाणी भरू दिलं असतं का, तेही विचारून घ्यावं.

मग सोडलं का? मी बरीच वर्षं संडे स्कूल घेत होते. "येशूशिवाय तारण नाही" हे वाक्य पोरांकडून म्हणवून घ्यावं लागायचं. करोनात आम्ही घरात बंद होतो तेव्हा शेजारची म्हातारी रोज दाराशी भाकरी ठेवून जायची. भाकरी फडक्यात, वर कांदा आणि ठेचा. ती गेली त्या आठवड्यात मला ते वाक्य म्हणवेना. पोरांनी विचारलं असतं, तर ती म्हातारी कुठं गेली म्हणून सांगितलं असतं? त्यात गेल्या काही वर्षांत बाहेरून येणारे नवे उपदेशक. प्रसाद हातात घेऊ नका, हळदीकुंकवाला जाऊ नका, पोळ्याच्या तोरणाखाली बैल नेऊ नका. आमच्या आजोबांचे बैल तोरणाखाली उभे असायचे आणि रविवारी आजोबा पहिल्या बाकावर.

आता मी सकाळी वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थोडा वेळ गप्प बसते. येशूचं डोंगरावरचं प्रवचन अजून वाचते, त्याच्यापेक्षा मोठं मला काही सापडलेलं नाही. संध्याकाळी जमेल तेव्हा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाते. कधी विहारात वंदनेला. सगळे धर्म एकच आहेत असं माझं म्हणणं नाही. ते एक नाहीत. मला फक्त एकाच्या दारात पहारेकरी व्हायचं नाही.

पण चिठ्ठी दिली आणि आठवडाभरात घरी शाल-श्रीफळाचा निरोप आला. तालुक्याला कार्यक्रम आहे, साहेब येणार आहेत, "घरवापसी" करून घेऊ, फोटो निघेल. ज्या घरात पणजोबांना कधी घेतलंच नाही, तिथं वापसी कशी करायची हे मी विचारलं. निरोप्या चहा न घेता गेला. इकडे चर्चच्या मंडळीत कुजबुज, आरक्षणाच्या सवलतीसाठी नाव काढलं म्हणून. भाऊ वेगळ्याच काळजीत, कब्रस्थानाच्या. ते पुढं लिहीन.

इथं कोणी असं मधेच उभं आहे का?

कोरडवाहू

ताई, 'कुठंच नाही' हे उत्तर गावात चालतच नाही ना बाप्पा! आमच्या इकडे इलेक्शनच्या टायमाले पोरं वहीत घरं लिहितात. इतके कुणबी, इतके बौद्ध, इतके आदिवासी, मिशनचे इतके. तुमचं घर आता कोणत्या पानावर लिहावं हे त्याईले समजून नाही राहिलं. शाल त्याच्यासाठीच आली असन. देवाचं कोणाले पडलं आहे?

निळी_पहाट

रानजाई ताई, जय भीम. तुमच्या पणजोबांनी जे शोधलं तेच आमच्या आजोबांनी शोधलं. आमचे आजोबा उमरेडकडून बैलगाडीनं १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर गेले होते. बाबासाहेबांनी ख्रिस्ती होण्याचा विचार तपासून बाजूला ठेवला, त्याचं एक कारण तुम्हालाही दिसतंय : धर्म बदलला तरी जात चर्चच्या बाकापर्यंत आली. विहारात येताच आहात तर पूर्णच या. 'कुठंच नाही' हे बोलायला छान आहे, पण संघटना नसलेल्या माणसाला राजकारणात कोणी विचारत नाही. आणि आरक्षणाचा सरकारी हिशोबही बघा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित आजही बाहेर.

रानजाई

जय भीम ताई. विहारात मला परकं वाटत नाही. पण बौद्ध दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा मी कोणालातरी बरं वाटावं म्हणून घेतल्या, तर तो बाबासाहेबांचाच अपमान. त्या प्रतिज्ञा म्हणजे भूतकाळाशी काडीमोड आहे, पूर्ण विचारानं केलेला. मी अजून "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणते, तेही मनापासून. अशा माणसानं तिथं हात जोडून उभं राहू नये. आणि १९९० ची सवलत तुम्ही लिहिलीत म्हणून अजूनच नको. मग कुजबुज खरी ठरेल.

पाळकाचा_पोरगा

ताई, सलाम. तुमच्या मंडळीतला नाही, अचलपूरकडचा आहे. राग न धरता लिहितोय.

तुम्ही गेलात त्यात गैर काही नाही. पण तुमचं जाणं तुमच्यापुरतं राहत नाही. घरसभा, म्हणजे घरातली प्रार्थना, चालू असताना दारात पंधरा पोरं येऊन उभी राहतात, मोबाइल काढून शूटिंग करतात, मग पोलिसांना फोन. माझे बाबा आता प्रत्येक घरसभेला आधार कार्ड खिशात ठेवून जातात. अशा दिवसांत "चौथ्या पिढीतली बाई चर्चला कंटाळून बाहेर पडली" ही गोष्ट कोणाच्या कामी येते? ज्यांनी शाल पाठवली त्यांच्याच.

दुसरं. तुमच्याकडे धुरा आहे, वावर आहे, सकाळी गप्प बसायला वेळ आहे. आमच्याकडे येतात त्या निंदणाला जाणाऱ्या बाया. त्यांना व्यापक अध्यात्म नको असतं. त्यांना नवऱ्याची दारू सुटायला हवी असते, आणि पोरगं तापानं फणफणलं तर रात्री अकराला दार उघडणारं कोणीतरी हवं असतं. ते दार मंडळीचं असतं. तुमच्या मौनाला दार कुठं आहे?

आणि पहारेकरी हा शब्द लागला. करोनात गावानं हात न लावलेली प्रेतं बाबांनी उचललीत, कोणाची ते न विचारता.

रानजाई

दाराचं तुम्ही जे लिहिलंत त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते ओढूनताणून देणार नाही. माझ्याही आईला मंडळीच्या बायांनीच सांभाळलं.

पहिल्या मुद्द्यावर मात्र अडते. मी आत राहिले ते विरोधक बघताहेत म्हणून, तर माझी श्रद्धा कोण ठरवतंय? तेच पंधरा जण ना? घरसभेत कोणी घुसलं तर मी दारात उभी राहीन, गेल्या महिन्यात राहिलेही. सभासद यादीत नाव नसलेली बाई "ही माझी माणसं आहेत" म्हणाली तर पोलिसांनाही जरा गोंधळायला होतं.

दस्तऐवज

अमरावतीला वकिली करतो. भावना बाजूला ठेवून कागदाचं सांगतो, कारण वर दोन-तीन ठिकाणी गोष्टी मिसळल्या आहेत.

धर्म नाही असं सरकारी कागदावर म्हणता येतं का? येतं. २३ सप्टेंबर २०१४ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल वाचा. गंमत म्हणजे ते अर्जदार नास्तिक नव्हतेच. 'फुल गॉस्पेल चर्च ऑफ गॉड' या संस्थेतले लोक. आमचा येशूवर विश्वास आहे, पण आम्ही ख्रिस्ती धर्माचे किंवा कुठल्याच धर्माचे नाही, असं त्यांचं म्हणणं. शासकीय मुद्रणालयानं गॅझेटमध्ये तसं छापायला नकार दिला म्हणून ते कोर्टात गेले. न्यायालयानं सांगितलं की अनुच्छेद २५ मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कुठलाच धर्म मानत नाही असं म्हणण्याचा हक्क येतो, आणि कोणत्याही अर्जात धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही. रानजाई ताईंची केस जवळजवळ हीच आहे.

सवलतीच्या कुजबुजीबद्दल. ख्रिस्ती कुटुंबातला माणूस मूळ धर्मात परतला तर जात परत मिळू शकते, पण सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये त्याला अटी घातल्या : मूळ जातीचा पुरावा, खरं पुनर्धर्मांतर आणि त्या जातसमाजानं स्वीकारणं. २६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात तर स्पष्ट म्हटलं की चर्चला जात राहून केवळ नोकरीसाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे. म्हणजे 'कुठंच नाही' म्हणणाऱ्याला सवलतीचा छदामही मिळत नाही. कुजबुज करणाऱ्यांना हे दाखवा.

शेजारच्या मध्य प्रदेशाचं एवढ्यासाठी सांगतो की आपल्या मेळघाटातली नाती पलीकडे आहेत. तिथल्या २०२१ च्या कायद्यात धर्मांतराआधी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवायची अट आहे, आणि पूर्वजांच्या धर्मात परतणं मात्र धर्मांतर धरत नाहीत. त्या अटीवरून कारवाई करायला तिथल्या उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अंतरिम मनाई केली. या कायद्यात माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीतच जातो. अंगणात येऊन बसला तर काय, याचा विचारच नाही.

शेंदूर_आणि_शिस्त

[मजकूर काढला आहे. तांदळाच्या पोत्यावरून आणि पैशावरून केलेले शेरे इथे चालणार नाहीत. मुद्दा असेल तर पुन्हा लिहा. - संपादक मंडळ]

शेंदूर_आणि_शिस्त

बरं, शिस्तीत लिहितो. परदेशी पैशाच्या प्रश्नाला शिवी म्हणून टाळता येणार नाही. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी नियोगी समिती काही नागपूरबाहेरून आलेली नव्हती. १९५४ मध्ये नेमली, अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश, आणि १९५६ च्या अहवालात मिशनऱ्यांना येणाऱ्या परदेशी पैशावर टीका आहे. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशातच होता. ताई बाहेर पडल्या याचा आनंद आहे. पण तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेला जातात आणि स्वतःला हिंदू म्हणायला कचरतात, हे समजत नाही.

रानजाई

प्रार्थनेला जाते कारण तिथं मला दारात कोणी काही विचारत नाही. समोर आसन, पांढरी चादर, लोड, महाराजांचा फोटो. खंजिरी वाजते, मग सगळे गप्प बसतात. माझ्या एका बाजूला तेल्याची सून असते, दुसऱ्या बाजूला कधीकधी मशिदीशेजारचा सायकलवाला. ज्या दिवशी तिथं नाव, धर्म विचारून बसवतील त्या दिवशी मी उठेन.

वर्धेकर

दोघांनाही थोडं थांबवतो. तुकडोजी महाराज कोणाच्या एकाच खिशात मावत नाहीत. १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषद स्थापन झाली तेव्हा ते होते, हे खरं. आणि मोझरीला त्यांच्या आश्रमात पुण्यतिथीच्या मौन श्रद्धांजलीनंतर सर्व धर्मांच्या प्रार्थना म्हटल्या जातात, हेही खरं. रानजाई ताई, त्या मंडपात राजकारण नाही असं समजू नका. शेंदूरभाऊ, त्यात फक्त तुमचंच आहे असंही समजू नका.

आता मूळ विषय. ताई, तुम्ही मधेच उभं असलेलं कोणी आहे का विचारलंत. इथल्या मातीत होते.

कवी ना. वा. टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी सांगितलं जातं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. येशू सोडला नाही, मिशनचा दाखला सोडला. दोनच वर्षांत वारले, दरबार फारसा पुढं गेला नाही.

दुसरे व्हेरिअर एल्विन. इंग्रज पाद्री, १९२७ मध्ये पुण्यात आले, गांधींच्या नादी लागले, मग मंडल्याकडच्या गोंडांत जाऊन राहिले. नागपूरच्या बिशपांनी राजाशी एकनिष्ठेची शपथ घ्या म्हटलं, यांनी नकार दिला. १९३५ च्या सुमारास चर्चच सोडलं. म्हणजे श्रद्धेची आणि सत्तेची गाठ काही आजची नाही. तेव्हा चर्च सरकारच्या बाजूला होतं, आता ते भिंतीला पाठ लावून उभं आहे. पाळकाच्या पोराचं म्हणणं मला त्यासाठी पटतं. एल्विनला सोडताना बलवानाला सोडायचं होतं. ताईंना दुबळ्याला सोडावं लागतंय. हे जास्त अवघड.

आणि तिसरे आमच्या वर्ध्याच्या मगनवाडीतले गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. ग्रामोद्योगाचं एवढं काम केलं, बिशपांवर उघड टीका केली की येशूचं नाव घेता आणि साम्राज्याची पाठराखण करता. पण ख्रिस्ती राहिले शेवटपर्यंत. आतून भांडले. ताई, हाही रस्ता होता. तुम्ही तो का घेतला नाही?

रानजाई

कुमारप्पांच्या मंडळीत बायांना पंच होता येत होतं का माहीत नाही. आमच्याकडे येत नाही. मी आतून भांडायचं म्हणजे चहाच्या वेळी पाळकीणबाईंच्या कानात बोलायचं. ते केलं, पुष्कळ केलं.

कोरडवाहू

हे मात्र एक नंबर बोलल्या ताई.

कचारगड_वाट

गोंदियाकडून. वाचत होतो, आता राहवलं नाही. मी गोंड, आईवडील ख्रिस्ती झाले, मी माघ पौर्णिमेला कचारगडला, आमच्या गोंडांच्या तीर्थाला, जायला लागलो आणि परत कोयापूनेम हा आमचा मूळ धर्म मानायला लागलो. तुमच्याकडे जो खेळ सवलतीवरून चालतो तो आमच्याकडे उलटा. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून ख्रिस्ती आदिवासींना यादीतून काढा अशी मागणी लावून धरलेली आहे. त्या मागणीवाल्यांनी मला स्टेजवर बोलावलं. परत आलेला, बघा म्हणून. मी म्हटलं, येतो, पण जनगणनेत मी 'हिंदू' लिहिणार नाही, 'गोंडी' लिहिणार आहे, हेही बोलेन. मग बोलावणं आलंच नाही.

२०२७ च्या जनगणनेकडे सगळ्यांचं लक्ष यासाठीच आहे. २०११ मध्ये देशभरात 'इतर धर्म' या रकान्यात ७९ लाख लोक होते, त्यातले कितीतरी आमचे आणि सरना हा आदिवासी धर्म मानणारे. झारखंड विधानसभेनं २०२० मध्ये सरना संहितेचा, म्हणजे जनगणनेत सरनाच्या वेगळ्या रकान्याचा, ठराव केला तो याच्यासाठी. आमची श्रद्धा नदीची, झाडाची आहे, पण रकान्यात नाव नसेल तर ती मोजली जात नाही. आणि मोजली नाही तर 'हे आमचेच' म्हणायला दुसरे मोकळे. म्हणून ताईंच्या 'कुठंच नाही'शी मी सहमत नाही. नाव घ्यावं लागतं.

दस्तऐवज

पूरक माहिती : २०११ मध्ये 'धर्म सांगितला नाही' यात २८ लाख ६७ हजार लोक आहेत. म्हणजे रकाना आहे, ताई. त्यात नास्तिक, मधले, विसरलेले, प्रगणकानं घाईत सोडून दिलेले, सगळे एकत्र.

पाळकाचा_पोरगा

कब्रस्थानाचं लिहीन म्हणाला होतात, ते राहिलं.

रानजाई

हो. मंडळीचं कब्रस्थान सभासदांसाठी. आई तिथं आहे, चिंचेच्या झाडाजवळ, आजोबांच्या पायथ्याशी. भाऊ म्हणतो, उद्या तुझं काही झालं तर पंच नाही म्हणतील, गावच्या स्मशानात नेलं तर तेही म्हणतील तुम्ही मिशनचे. तो उगाच घाबरत नाही. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरात एका पाळकाचं प्रेत गावात पुरू देईनात म्हणून मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२५ मध्ये दोन न्यायाधीशांची दोन मतं पडली आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती कब्रस्थानात न्या असं ठरलं. तोवर प्रेत शवागारात होतं. तो तर सभासद होता, पाळक होता. मी कोण?

मी देहदानाचा फॉर्म भरायचं म्हणते, यवतमाळच्या सरकारी मेडिकलला. नवरा ऐकत नाही. माती द्यायला काहीतरी हवं, म्हणतो.

पाळकाचा_पोरगा

बाबांना धागा वाचून दाखवला. नाव सांगितलं नाही, सांगायला माहीतही नाही. ते म्हणाले, बहुतेक जुन्या मंडळ्यांच्या नियमांत 'सभासद व त्यांचे कुटुंबीय' असं असतं. भाऊ सभासद असेल तर तुम्ही कुटुंबात येता. नियमाची प्रत पंचांकडून आत्ताच मागून घ्या, भांडण नसताना. मरणाच्या दिवशी नियमाची वही कोणाला सापडत नाही, हेही म्हणाले.

बाकी मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे, तुम्ही राहायला हवं होतं.

रानजाई

बाबांना सलाम सांगा. प्रत मागते.

सातव्या_इयत्तेची_आई

नेहमी नुसती वाचते, आज विचारते. माहेर ख्रिस्ती, सासर हिंदू, आमचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं आहे. मुलीच्या शाळेच्या दाखल्यात धर्माचा रकाना रिकामा ठेवला होता, तर क्लार्क म्हणतात संगणक पुढं जात नाही, काहीतरी टाका. आणि त्यांनी परस्पर वडिलांचा टाकला. आता काय करता येईल?

दस्तऐवज

दाखला हातात पडायच्या आत करा, शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार जड जाते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, दोघा पालकांच्या सह्या, सोबत २०१४ च्या निकालाची प्रत, आणि पोच घ्या. तोंडी बोलू नका. नाही ऐकलं तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे. संगणक पुढं जात नाही हे कारण त्यांना लेखी द्यायला सांगा, बहुतेक वेळा तिथंच जायला लागतो.

सातव्या_इयत्तेची_आई

धन्यवाद दादा. मुलगी मात्र म्हणते, मला काय लिहायचं ते मला का नाही विचारत.

कोरडवाहू

पोरीले विचारा ना मग!